थंड पाण्याची उकळी: पंपातील बुडबुडे, एक बुडालेले रॉकेट आणि संगणकाचे गणित

१/
१५ नोव्हेंबर १९९९. जपानच्या तानेगाशिमा बेटावरून एच-२ मालिकेतील ‘एफ-८’ हे रॉकेट आकाशात झेपावले. हवामानाची निरीक्षणे आणि विमान वाहतुकीचे नियंत्रण अशी दुहेरी जबाबदारी असलेला एमटीसॅट उपग्रह त्याच्या माथ्यावर होता. सुमारे चार मिनिटांनी पहिल्या टप्प्याचे एलई-७ इंजिन अचानक बंद पडले. रॉकेट मार्ग सोडू लागले आणि अखेर जमिनीवरून आज्ञा देऊन ते नष्ट करावे लागले.

२/
इंजिनाचे अवशेष प्रशांत महासागरात ओगासावारा बेटांच्या परिसरात, सुमारे ३००० मीटर खोलीवर जाऊन पडले. जपानी संशोधकांनी ते शोधून वर काढले. मोडतोडीत द्रव हायड्रोजन ओढणाऱ्या पंपाच्या तोंडाशी बसवलेले एक छोटे चक्र होते. त्याच्या पात्याचा तुकडा उडालेला होता. त्या तुकड्याच्या तपासात ज्यांच्यावर संशय आला त्यांत बुडबुडे होते. या बुडबुड्यांना ओळखण्याचा आणि पुढे संगणकात उभे करण्याचा सव्वाशे वर्षांचा हा इतिहास.

३/
आधी पंप समजून घेऊ. विहिरीवरच्या मोटारीपासून रॉकेटपर्यंत सर्वत्र वापरला जाणारा सेंट्रिफ्यूगल पंप तत्त्वाने साधा असतो. बंद कवचात वाकड्या पात्यांचे एक चक्र, म्हणजे इंपेलर, वेगाने फिरते. मध्यभागी शिरलेले पाणी पात्यांबरोबर फिरत बाहेरच्या कडेकडे फेकले जाते. त्याला वेग मिळतो आणि कवचात त्या वेगाचे रूपांतर दाबात होते. पाणी बाहेर फेकले गेल्यामुळे मध्याशी दाब उतरतो आणि मागचे पाणी आत येते.

४/
पंप पाणी ‘ओढतो’ असे बोलण्याची रीत आहे. वस्तुतः विहिरीतल्या पाण्यावरचे वातावरण ते वर ढकलत असते. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याचा जास्तीत जास्त १०.३ मीटर उंचीचा स्तंभ पेलू शकतो. व्यवहारात सक्शनची उंची सहा-सात मीटरच्या आत ठेवावी लागते, कारण नळीतील घर्षण आणि पात्याच्या तोंडाशी वाढणारा वेग हे दोघेही त्या दाबातून आपला वाटा काढून घेतात. उरलेला दाब फारच थोडा असला, तर पाणी उकळू लागते.

५/
उकळण्यासाठी उष्णता लागते, ही समजूत अर्धीच खरी आहे. वातावरणाच्या दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळते. मात्र दाब वातावरणाच्या सुमारे चोविसाव्या हिश्शावर आणला, तर तेच पाणी ३० अंशांनाही उकळते. इंपेलरच्या पात्याच्या कडेशी दाब इतका खाली जाऊ शकतो. मग हाताला थंड लागणाऱ्या पाण्यात बाष्पाच्या पोकळ्या निर्माण होतात. याच घटनेला कॅव्हिटेशन म्हणतात.

६/
पोकळी निर्माण होते तेव्हा फारसे नुकसान होत नाही. ती मिटते तेव्हा होते. प्रवाहाबरोबर बुडबुडे पुढे जाऊन जास्त दाबाच्या प्रदेशात शिरतात आणि क्षणार्धात कोसळतात. पंपातून पाण्याऐवजी खडी जात असावी तसा आवाज येऊ लागतो. धातूचा पृष्ठभाग हळूहळू खरवडला जातो आणि त्यावर बारीक खड्डे पडून तो स्पंजासारखा दिसू लागतो. पात्यांमधली वाट बाष्पाने भरली की पंपाचा जोरही उतरतो.

७/
हे सारे घडते ते ओतीव लोखंडाच्या बंद कवचात, प्रकाश न पोहोचणाऱ्या जागी, मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगात. म्हणूनच या विषयाचा इतिहास मुख्यतः ‘कसे पाहावे’ या प्रश्नाचा इतिहास आहे. पाहणे शक्य नव्हते तेव्हा अनुमान केले गेले, मग काचेची खिडकी आली, मग वेगवान कॅमेरा आणि शेवटी संगणक. प्रत्येक साधनाने काही दाखवले आणि काही झाकलेही.

८/
वाहत्या पाण्यात दाब फार उतरला तर पाण्याचा सलगपणा तुटेल, ही कल्पना अठराव्या शतकाच्या मध्यास गणितज्ञ ऑयलर याच्या लेखनात आढळते. प्रत्यक्ष प्रयोगाची वाट इंग्लंडमध्ये ऑस्बोर्न रेनल्ड्स याने दाखवली. १८७३ मध्ये त्याने जहाजांचे पंखे भर वेगात अचानक मोकाट का फिरतात याचा विचार केला. १८७५ मध्ये त्याने मार्गदर्शक पात्यांच्या सेंट्रिफ्यूगल पंपाचे पेटंट घेतले. १८९४ मध्ये मध्ये आवळलेल्या काचेच्या नळीतून पाणी सोडून, साध्या तापमानाला ते उकळताना त्याने दाखवून दिले.

९/
हा प्रश्न प्रयोगशाळेतून राजदरबारी नेला तो युद्धनौकांनी. पंपाचा इंपेलर आणि जहाजाचा पंखा ही एकाच कुळातली भावंडे. दोहोंची पाती पाण्याला रेटतात आणि दोहोंच्या पाठीवर दाब उतरतो. फरक इतकाच की पंपाचा जोर थोडा घटला तर कारखान्यात कुरकुर होते, युद्धनौकेचा वेग घटला तर नौदल जाब विचारते.

१०/
जॉन थॉर्निक्रॉफ्ट याच्या कारखान्यात बांधलेली ‘डेअरिंग’ ही विनाशिका १८९३ मध्ये जलावतरित झाली. चाचण्यांत तिला ठरलेला वेग गाठता येईना. इंजिने पुरेशी ताकद देत होती, पण पंखे ती पाण्याला देत नव्हते. थॉर्निक्रॉफ्ट आणि त्याचा सहकारी सिडनी बार्नबी यांनी पात्यांचे क्षेत्रफळ वाढवले आणि नौका वेगात आली. पात्याच्या दर चौरस इंचामागे सव्वाअकरा पौंडांपेक्षा जास्त रेटा मागू नये, असा नियमही बार्नबीने बांधला. ‘कॅव्हिटेशन’ हा शब्द सुचवला तो आर. ई. फ्राउड याने.

११/
त्याच सुमारास चार्ल्स पार्सन्स आपली वाफेची टर्बाइन जहाजात बसवत होता. १८९४ च्या ‘टर्बिनिया’ नौकेला एकच पंखा होता आणि तो अतिशय वेगाने फिरे. तरीही नौका २० नॉटही गाठेना. पार्सन्सने टर्बाइनला दोष दिला नाही. त्याने पंख्याभोवतीचे पाणी पाहायचे ठरवले.

१२/
१८९५ मध्ये त्याने तांब्याची एक लहान बंद वाट तयार केली. तिच्यात सुमारे दोन इंच व्यासाचा पंखा फिरे, बाजूला काचेची खिडकी होती आणि पाण्यावरची हवा पंपाने विरळ करता येत असे. हवा विरळ झाली की कमी वेगातही बुडबुडे उमटत. पंख्याच्या फेऱ्यांशी जुळवलेल्या प्रकाशाच्या झोतांत पाती जागच्या जागी थबकल्यासारखी दिसत. ही जगातील पहिली कॅव्हिटेशन टनेल. मोठ्या यंत्राचे छोट्या नमुन्यावरून भाकीत करण्याची पद्धत येथे रुजली.

१३/
या निरीक्षणानंतर टर्बिनियाला तीन दंड आणि प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे बसले. २६ जून १८९७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवी नौदल संचलनात ही छोटी नौका सुमारे ३४ नॉट वेगाने युद्धनौकांच्या रांगांमधून सुसाट गेली. तिला गाठील असे जहाज तेथे नव्हते.

१४/
वेगाचा प्रश्न सुटला, झिजेचा उरला. ब्रिटिश नौदलाच्या पंख्यांचे काशाचे धातू काही तासांच्या धावेत पोखरले जात होते. समुद्राच्या पाण्याचे रासायनिक गंजणे हे कारण पुरेसे वाटेना. या प्रश्नाच्या पार्श्वभूमीवर १९१७ मध्ये वृद्ध लॉर्ड रेली याने एक छोटा निबंध लिहिला. विषय एकच होता: द्रवातली गोल पोकळी मिटते तेव्हा आसपासच्या द्रवात दाब किती वाढतो?

१५/
उत्तर थक्क करणारे होते. रेलीच्या सूत्रानुसार वातावरणाच्या दाबाखाली एक मिलिमीटर त्रिज्येची पोकळी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात मिटते. तिची त्रिज्या मूळच्या एक-विसांश होते त्या क्षणी शेजारच्या द्रवातला दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे १२६० पट होतो. काशाला खड्डे का पडतात याचे कोडे उलगडले. निर्जीव वाटणाऱ्या बुडबुड्यात हातोड्याचे बळ होते.

१६/
रेलीचा बुडबुडा मात्र आदर्श होता: पूर्ण गोल, आतून रिकामा, अथांग स्थिर द्रवात एकटा. पंपातला बुडबुडा यापैकी काहीच नसतो. तो भिंतीजवळ असतो, हजारोंच्या घोळक्यात असतो आणि वळणे घेणाऱ्या खळबळत्या प्रवाहात असतो. पुढच्या संगणकीय प्रारूपांचा पाया मात्र याच एकट्या गोल बुडबुड्यावर घातला गेला. हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

१७/
अभियंत्यांना तोवर थांबणे शक्य नव्हते. १९२० च्या दशकात जर्मन प्राध्यापक डीटर थोमा याने जलटर्बाइनसाठी एक अंक सुचवला. उपलब्ध दाब बाष्पदाबापेक्षा किती वर आहे, याचे ते मोजमाप होते. पंपांच्या जगात याच विचारातून ‘नेट पॉझिटिव्ह सक्शन हेड’ ही संज्ञा रूढ झाली. पंपाच्या तोंडाशी इतका दाब शिल्लक हवा, असे कारखाना सांगतो. तेवढा आहे की नाही, हे बसवणाऱ्याने पाहायचे.

१८/
पण ‘इतका’ म्हणजे किती? रूढ चाचणीत पंपाच्या तोंडाचा दाब हळूहळू उतरवत नेतात. पंपाचा जोर तीन टक्क्यांनी घटला की तो बिंदू मर्यादा म्हणून नोंदवतात. हे माप सोपे आहे, त्याला खिडकीची गरज नाही आणि जगभर ते चालते. पण त्यात एक आंधळी जागा आहे. जोर तीन टक्के घटण्याच्या खूप आधीपासून बुडबुडे निर्माण झालेले असतात. पाती झिजत असतात आणि कधी कधी कंपतही असतात. चाचणीच्या वहीत त्यातले काहीच उमटत नाही.

१९/
ही आंधळी जागा उजळण्याचे मोठे काम कॅलिफोर्नियात झाले. कोलोरॅडो नदीचे पाणी वाळवंट ओलांडून लॉस एंजेलिसच्या परिसरात नेणाऱ्या कालव्यावर पाच पंपघरे उभारायची होती. पाणी एकूण १६१७ फूट उचलायचे होते. एवढ्या प्रचंड पंपांत चूक परवडणारी नव्हती. म्हणून १९३० च्या दशकात कॅल्टेक या संस्थेत पंपांचे नमुने तपासण्याची प्रयोगशाळा उभी राहिली. रॉबर्ट नॅप हा तिचा एक प्रमुख संशोधक होता.

२०/
नॅप आणि हॉलंडर यांनी १९४८ मध्ये सेकंदाला २०,००० चित्रे टिपणाऱ्या छायाचित्रणाने एकेका बुडबुड्याचा जन्म, वाढ आणि अंत नोंदवला. त्याच संस्थेतील मिल्टन प्लेसेट याने १९४९ मध्ये रेलीचे समीकरण बदलत्या दाबासाठी विस्तारले आणि ते या छायाचित्रांशी ताडून पाहिले. ‘रेली–प्लेसेट समीकरण’ या नावाने ते आज ओळखले जाते. प्रवाहातून जाणाऱ्या बुडबुड्याची त्रिज्या क्षणोक्षणी किती असेल, हे आता सांगता येऊ लागले.

२१/
यानंतर संगणक रंगमंचावर येतो. १९७१ मध्ये प्लेसेट आणि रिचर्ड चॅपमन यांनी भिंतीजवळ मिटणाऱ्या बुडबुड्याचे गणित संगणकावर पायरीपायरीने सोडवले. बुडबुडा गोल राहत नाही, असे दिसले. भिंतीपासून दूरची बाजू आत वाकते, तिच्यातून पाण्याची बारीक धार बुडबुड्याला आरपार छेदून भिंतीवर आदळते. गणितानुसार त्या धारेचा वेग सेकंदाला १०० मीटरहून अधिक होता.

२२/
अशी धार असावी, हे आधीच्या प्रयोगांनी सुचवले होते. तिचा पूर्ण आकार मात्र संगणकाने क्षणाक्षणाने रेखाटला. १९७५ मध्ये जर्मनीत लाउटरबोर्न आणि बोले यांनी लेसरच्या झोताने पाण्यात एकेक बुडबुडा निर्माण करून त्याचे अतिवेगवान चित्रण केले. बुडबुड्याचे बदलते आकार गणिताशी चांगले जुळले. आधी गणित, मग साक्ष, हा क्रम येथे यशस्वी ठरला. पण तो होता एकाच बुडबुड्याचा खटला.

२३/
पंपात असे असंख्य बुडबुडे असतात. एकेकाचा हिशोब ठेवणे अशक्य. त्याआधीही एक अडचण होती. बुडबुडे बाजूला ठेवले, तरी फिरत्या पात्यांमधून वाहणाऱ्या पाण्याचे गणित हाताने सुटत नव्हते. नाविए आणि स्टोक्स यांची समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होती. ती सोडवण्याची व्यवहार्य रीत हवी होती. या टप्प्यावर एका मराठी संशोधकाचे नाव येते.

२४/
सुहास पाटणकर यांनी १९६२ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली, १९६४ मध्ये आय.आय.टी. मुंबईतून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आणि १९६७ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून डॉक्टरेट मिळवली. तेथील प्राध्यापक ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासह त्यांनी १९७२ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळून ‘सिंपल’ हा शब्द होतो. पुढे १९८० मध्ये आलेले पाटणकरांचे पाठ्यपुस्तक या विषयाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी अभ्यासले.

२५/
पद्धतीचा गाभा असा. प्रवाहाची जागा लहान लहान कप्प्यांत विभागायची. वेगांसाठी समीकरणे आहेत, पण न दबणाऱ्या द्रवात दाबाला स्वतःचे सरळ समीकरण नसते. म्हणून दाबाचा आधी अंदाज धरायचा आणि त्यावरून वेग काढायचे. मग प्रत्येक कप्प्यात जेवढे पाणी आत येते तेवढेच बाहेर जाते का, हे तपासायचे. जमाखर्च जुळला नाही, तर त्या तफावतीवरून दाब सुधारायचा आणि पुन्हा आरंभ करायचा. ताळा जमेपर्यंत हे चालते. पंपांच्या प्रवाहगणितात ही पद्धत आणि तिची पुढची भावंडे आजही वापरली जातात.

२६/
आता या कप्प्यांत बुडबुडे आणायचे होते. १९९२ मध्ये जपानच्या कुबोता, कातो आणि यामागुची यांनी एक वाट दाखवली. बुडबुडे एकेक मोजायचे नाहीत. प्रत्येक कप्प्यात पाणी आणि बाष्प यांचे मिश्रण आहे असे मानायचे आणि मिश्रणाची घनता बदलू द्यायची. बाष्पाचा अंश किती वाढेल वा घटेल, हे रेलीच्या वंशातल्या बुडबुड्याच्या समीकरणावरून ठरवायचे. १९१७ चा एकटा गोल बुडबुडा अशा रीतीने प्रत्येक कप्प्यात प्रतिनिधी म्हणून जाऊन बसला.

२७/
शतक बदलताना अशी प्रारूपे एकापाठोपाठ आली. २००१ मध्ये श्नेर आणि सावर यांचे, २००२ मध्ये अशोक सिंघल आणि सहकाऱ्यांचे, २००४ मध्ये झ्वार्ट, गर्बर आणि बेलामरी यांचे. ही प्रारूपे व्यापारी संगणक-प्रणालींतही उतरली. त्यामुळे जे काम पूर्वी मोजक्या संशोधकांचे होते, ते पंप बनवणाऱ्या कारखान्यातल्या अभियंत्याच्या टेबलावर आले. पात्याच्या पाठीवर बाष्पाची चादर कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे रंगीत चित्रात दिसू लागले.

२८/
या चित्रांच्या मुळाशी काय आहे, हे पाहण्यासारखे आहे. झ्वार्ट यांच्या प्रारूपात बाष्पीभवनाच्या वेगाला ५० ने गुणतात आणि बाष्प पुन्हा पाणी होण्याच्या वेगाला ०.०१ ने. दोन्ही गुणकांत पाच हजार पटींचे अंतर आहे. हे आकडे निसर्गाने कोरून दिलेले स्थिरांक नाहीत. बाष्प होणे वेगाने घडते आणि विरणे सावकाश, ही समज धरून, प्रयोगांच्या निकालांशी मेळ बसेल असे ते निवडलेले आहेत. म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचे चित्र प्रयोगशाळेतल्या नळीचे ऋणी आहे.

२९/
म्हणून प्रत्येक प्रारूपाला साक्षीदार लागतो. फ्रान्समधील ग्रनोबलच्या आणि जर्मनीतील डार्मश्टाटच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेले काम याचे चांगले उदाहरण आहे. साध्या वक्र पात्यांचा एक सेंट्रिफ्यूगल पंप घेतला. आतल्या पोकळ्या पाहता येतील अशी त्याची रचना होती. एकीकडे प्रयोगात जोर कसा घटतो आणि बाष्प कुठे साचते हे नोंदवले, दुसरीकडे तेच संगणकावर काढले आणि दोन्ही समोरासमोर ठेवले.

३०/
आता पुन्हा जपानकडे वळू. रॉकेटच्या पंपांत टाकी हलकी ठेवण्यासाठी तोंडाशी दाब मुद्दाम कमी ठेवलेला असतो, म्हणजे कॅव्हिटेशन गृहीतच असते. ते सोसता यावे म्हणून मुख्य इंपेलरच्या पुढे ‘इंड्यूसर’ नावाचे मळसूत्री पात्यांचे चक्र बसवतात. बुडबुडे होऊ द्यायचे, पण हळूहळू दाब वाढवून मुख्य चक्रापाशी पोहोचण्याआधी मिटवायचे, हे त्याचे काम.

३१/
येथे एक विलक्षण घटना आढळते. इंड्यूसरच्या सगळ्या पात्यांवरच्या पोकळ्या समान राहत नाहीत. एकीवरची मोठी होते आणि हा मोठेपणा एका पात्यावरून दुसऱ्यावर सरकत, अनेकदा खुद्द चक्रापेक्षाही अधिक वेगाने, गोल फिरतो. याला फिरते कॅव्हिटेशन म्हणतात. पंपाचा सरासरी जोर जवळजवळ तसाच राहतो, पण दंड आणि पाती हादरत राहतात. एलई-७ इंजिनाच्या द्रव ऑक्सिजन पंपात हा दोष विकासाच्या काळातच सापडला होता. कामिजो, योशिदा आणि त्सुजिमोतो यांच्या गटाने तो अभ्यासला आणि कवचाचा आकार थोडा बदलून तो आवरता आला.

३२/
हायड्रोजनच्या पंपात मात्र तो निसटला. हा पंप मिनिटाला सुमारे ४२ हजार फेरे घेत होता. समुद्रतळावरून आणलेल्या इंड्यूसरच्या पात्यावर धातूच्या थकव्याची खूण होती: एका घावाने तुटलेले नव्हे, असंख्य हेलकाव्यांनी तडा वाढत जाऊन मोडलेले पाते. फिरते कॅव्हिटेशन आणि प्रवाहातल्या दाबाचे चढउतार यांनी पाते कंपत राहिले, असा निष्कर्ष निघाला. तीन टक्क्यांच्या नियमाला जे दिसत नाही, तेच येथे घातक ठरले होते.

३३/
त्या अपघाताची किंमत रॉकेटपुरती नव्हती. एच-२ मालिका तेथेच थांबली. जपानचा जुना हवामान उपग्रह आयुष्य संपूनही ताणला गेला आणि २००३ मध्ये अमेरिकेचा गोज-९ उपग्रह उसना घेऊन वादळांवर नजर ठेवावी लागली. बदली उपग्रह फेब्रुवारी २००५ मध्ये अवकाशात गेला. तोवर नव्या एच-२ए रॉकेटचे पहिले उड्डाण २९ ऑगस्ट २००१ रोजी झाले होते. त्याच्या एलई-७ए इंजिनासाठी हायड्रोजन पंपाचा इंड्यूसर नव्याने आखण्यात आला.

३४/
हायड्रोजनचे गणित पाण्याहून अवघड आहे. पाण्यात बाष्प होताना आसपासचे तापमान नगण्य उतरते. द्रव हायड्रोजनमध्ये ते लक्षणीय उतरते, त्यामुळे बाष्पदाबही उतरतो आणि बुडबुड्यांची वाढ आपोआप रोखली जाते. पाण्यावर जुळवलेली प्रारूपे येथे जशीच्या तशी चालत नाहीत, उष्णतेचे समीकरणही जोडावे लागते. ती जोड तपासण्यासाठी आजचे संशोधक १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत हॉर्ड यांनी द्रव नायट्रोजन आणि द्रव हायड्रोजनवर केलेल्या मोजमापांचा आधार घेतात.

३५/
आज एखाद्या पंपाची पाती आखताना दहा-वीस पर्याय संगणकावर तपासून, त्यांतले एक-दोनच धातूत उतरवले जाऊ शकतात. जोर कधी ढासळेल आणि पोकळी कुठे बसेल, याचे उत्तर बऱ्याच विश्वासाने मिळते. पात्याला खड्डे कुठे आणि किती दिवसांत पडतील, हा प्रश्न मात्र अजून कठीण आहे. इंपेलर हाताएवढा, झीज करणारा बुडबुडा मिलिमीटरचा आणि त्याचा अंत सेकंदाच्या लाखाव्या भागातला. या तिन्ही मोजपट्ट्या एकाच गणितात बसवणे आजच्या संगणकांनाही जड जाते.

३६/
या इतिहासात संगणकाने प्रयोगाची जागा घेतलेली दिसत नाही. कुठे पाहावे, हे त्याने सांगितले. रेलीने पोकळी रिकामी मानली, थोमाने तिच्याकडे न पाहता अंक दिला, पाटणकरांनी प्रवाहाचा जमाखर्च लावला, कुबोतांनी घोळक्याला मिश्रण मानले. प्रत्येकाने काही सोडून दिले, म्हणूनच गणित सुटले. सोडून दिलेली गोष्ट एखाद्या यंत्रात निर्णायक ठरते, तेव्हा तिचा पत्ता धातूच्या तुकड्यावर सापडतो. त्या एका तुकड्यासाठी १९९९-२००० च्या हिवाळ्यात माणसे समुद्रात तीन किलोमीटर खाली शोध घेत होती.

(समाप्त)